नवसाचे केस

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते, की तत्त्वासाठी सर्वस्व पणाला लावावं लागतं. थोरामोठ्यांच्या चरित्रांत हे वाक्य हमखास असतं आणि तिथं ते शोभतंही. माझ्या बाबतीत सर्वस्व म्हणजे खांद्याखाली चार बोटं पोचलेले केस होते. आणि तत्त्व म्हणाल, तर ते माझं नव्हतंच, विज्याचं होतं. केस तेवढे माझे होते.

नळदुर्गात हायवेला लागून इम्रानच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. हैदराबादकडं निघालेला एखादा ट्रक तिथं थांबला, की चाक खोलून होईपर्यंत ड्रायव्हर शेजारच्या धाब्यावर जेवायला जाई आणि दुकानासमोरची बाज मोकळी पडे. त्या बाजेवर आम्ही चौघांनी कॉलेजची सगळी वर्षं काढली. मी, इम्रान, नाग्या आणि विज्या. इम्रानचे एक मामू बंगळूरच्या लाइनवर ट्रक चालवायचे. त्यांनी एकदा येताना सात कॅसेटी आणल्या. कुणाच्या तरी सामानातून पडल्या होत्या असं ते म्हणाले आणि आम्ही जास्त चौकशी केली नाही. त्या कॅसेटींत मेटल होतं. म्हणजे गिटार करवतीसारखी चालते, ड्रम कुठंच थांबत नाही आणि गाणारा माणूस गात नाही, खेकसतो, अशा जातीचं इंग्रजी संगीत. शब्द आम्हाला कळत नसत. कळत नाहीत त्याअर्थी ते फार खोल असले पाहिजेत, अशी विज्याची खात्री होती. जुन्या ट्रकमधून काढलेला टेप इम्राननं बॅटरीला जोडला होता. तो लावला, की आतून चाचांचा, म्हणजे त्याच्या अब्बांचा, आवाज यायचा, “अरे इम्रान, कॉम्प्रेसर कू देख रे, आवाज कर रहा.” कॉम्प्रेसर बंद असायचा.

चार पोरं कवटीचं चित्र असलेले काळे बनियन घालून, माना खाली घालून रोज एका बाजेवर बसतात, म्हणजे यांचं काहीतरी भयंकर चाललेलं असणार, असं गावाला वाटे. खरं सांगायचं तर आमच्याइतकं निरुपद्रवी बोलणं त्या वेळी आख्ख्या तालुक्यात कुणी बोलत नसेल. टेपमध्ये तो माणूस जगाच्या विनाशाबद्दल खेकसत असायचा (विनाशाबद्दल, हा विज्याचा अंदाज) आणि इकडं नाग्या म्हणायचा,

“म्हशीनं आज दूध दिलं न्हाय.”

“का?”

“रुसली. काल आबानं काठी घातली तिला.”

“तिनं काय केलंतं?”

“काय न्हाय. राग माझ्यावर हुता.”

“मग तेरेकू क्यूं नहीं मारे?” इम्रान विचारायचा.

“मी पळालो. ती बांधलेली हुती.”

यावर विज्या चिडायचा. “गप बसा रे जरा! सोलो येतोय.” आम्ही गप बसायचो. सोलो, म्हणजे एकट्या गिटारीचा तुकडा, यायच्या क्षणी चाचा कॉम्प्रेसर चालू करायचे. तीन वर्षांत त्या कॅसेटींतला एकही सोलो मी सलग ऐकला नाही.

आमच्यात अधिकाराचा माणूस विज्या होता. सोलापूरला जाऊन त्यानं कुठलंसं जुनं इंग्रजी मासिक रद्दीतून आणलं होतं आणि त्यातल्या फोटोंवरून त्यानं एक शास्त्र बनवलं होतं. मेटल ही करमणूक नाही, व्रत आहे. मेटल ऐकणारा माणूस लग्नाच्या वरातीत नाचत नाही. मेटल ऐकणाऱ्याचे केस लांब असतात, आणि गाणं चालू झालं की तो मान कंबरेपर्यंत झुकवून ते केस पुढं-मागं झोकतो. यातलं पहिलं कलम मान्य करायला काही लागत नव्हतं आणि दुसरं नाग्या सोडून सगळ्यांनी पाळलं. अडचण तिसऱ्याची होती. विज्या स्वतः पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे उठून किल्ल्यापर्यंत पळायचा आणि डोक्यावर केस म्हणून जे ठेवायचा ते ब्रशासारखे असत. इम्राननं वाढवले होते, पण एकदा ट्यूबला लावायच्या सोल्युशनमध्ये त्याची झुलपं चिकटली आणि चाचांनी रबर कापायच्या कात्रीनंच निकाल लावला. नाग्याचे केस कुरळे. ते वाढले तरी खाली यायचे नाहीत, वर जायचे. अशा रीतीनं चौघांत मिळून लांब केसांचं एकच डोकं उरलं, आणि ते माझं होतं. दर गुरुवारी दुकानामागच्या टायरांच्या ढिगाजवळ चौघांच्या वतीनं केस झोकायचं काम मला करावं लागे. विज्या समोर उभा राहून सूचना द्यायचा. “अजून खालून घे. मनापासून घे रे, सुध्या.” स्वतः डोक्यावर ब्रश घेऊन उभा राहिलेला माणूस दुसऱ्याला मनापासून घ्यायला सांगतो तेव्हा काय वाटतं, ते मी पुढं नोकरीत पुष्कळदा अनुभवलं, पहिला अनुभव तो.

घरी केसांची चर्चा होत नव्हती, कारण अण्णा चर्चा करत नसत. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. बोलायचं ते दिवसभर शाळेत बोलून यायचे आणि घरी आले की रेडिओच्या बातम्या, मग पेपर, मग जेवण. केस कानाखाली आले तेव्हा त्यांनी पेपर खाली करून एकदा पाहिलं. मानेखाली गेले तेव्हा म्हणाले, “डोकं आत वापरायला दिलेलं असतं.” आणि पुन्हा पेपर वर. आईचं तसं नव्हतं. तिला लाजही वाटायची आणि केस कोरडे राहिलेलंही बघवायचं नाही. संध्याकाळी स्टोचा आवाज, त्यावर आमटी, बाजूला भाकरी थापल्याचा टप्प-टप्प आवाज, आणि भाकरी टाकता टाकता तिची एकतर्फी फिर्याद. “लोकं काय म्हणत असतील. मास्तराचं पोरगं, आन् बायकावानी... ये हिकडं, गुंता बघ किती झालाय!” मग हात धुऊन ती मला पुढ्यात बसवायची आणि पाव वाटी खोबरेल तेल जिरवायची. “झोपताना येणी घालत जा. तुटत्यात.” जगाचा विनाश मागणाऱ्या संगीताचा मी नळदुर्गातला एकमेव केसाळ प्रतिनिधी होतो आणि मला रोज खोबरेलाचा वास यायचा.

घोटाळा झाला तो एका गुरुवारी. टायरांच्या ढिगामागं माझं केस झोकणं चाललं होतं. टेपचा आवाज त्या दिवशी कमी होता, कारण बॅटरी उतरली होती. आमच्या शेजारच्या जगदाळेकाकू जळण घेऊन मागच्या वाटेनं चालल्या होत्या. त्यांना दिसलं ते असं: मास्तरांचा मुलगा केस मोकळे सोडून घुमतोय आणि तीन पोरं पुढं हात बांधून उभी आहेत. तुळजापूर आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. आमच्याकडं या दृश्याचा एकच अर्थ होतो. काकू तशाच आमच्या घरी गेल्या.

“वयनी, सुधाकरच्या अंगात येतंय हो! सांगितलं न्हाय कधी?”

आई चुलीपुढं असेल, गडबडीत असेल. काय असेल ते असो. मुलाच्या अंगात येतं म्हणावं, तर उद्या दारात बायकांची रांग. पोरगं इंग्रजी गाण्यावर डोकं आपटून घेतं म्हणावं, तर त्यापेक्षा अंगात आलेलं बरं. तिनं मधला रस्ता काढला. “न्हाय ओ, अंगात कुठलं! नवस हाय तुळजापूरचा. आमच्या मंगलला लेकरू होईस्तोवर केस कापणार न्हाय म्हणलाय.”

मंगल म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दिलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती सणाला यायची तेव्हा आई आणि ती आतल्या खोलीत हळू आवाजात बोलायच्या, आणि मी गेलो की गवारीच्या शेंगा मोडू लागायच्या. मला त्या वयात त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची मी तसदीही घेतली नव्हती. मला सोलो ऐकायचा होता.

आईचं बोलणं संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरलं आणि आठवडाभरात एसटीनं वाशीला पोचलं. मी तिच्यावर भडकलो. “विचारायचं तरी मला! मी कधी केला नवस?”

“मग काय सांगू? तूच सांग की, कशापायी वाढवलेत?”

मी मेटल समजावून सांगायला सुरुवात केली. तिनं दोन मिनिटं नीट ऐकलं आणि म्हणाली, “त्यापरीस नवस बरा.” अण्णा पेपरामागून म्हणाले, “कारण मिळालं एकदाचं.”

गावाची नजर दुसऱ्या दिवसापासून बदलली. आजवर मला पाहून ‘काय अवतार’ म्हणणारी माणसं ‘असा भाऊ पायजे’ म्हणू लागली. एक म्हातारी थेट पंक्चरच्या दुकानात आली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि माझ्या बनियनवरच्या कवटीलाही थोडं लावून गेली. आपल्या अंगावरचं सोंग लोकांनी भक्ती म्हणून स्वीकारलं, की सोंग काढता येत नाही आणि भक्ती करवत नाही. सगळ्यात त्रास विज्याचा. त्याचं म्हणणं, मेटलचा अपमान झाला.

“तू सगळ्यांना खरं सांग. म्हणावं, ह्ये केस देवीचे न्हाईत.”

“माझ्या आईला खोटी पाडू?”

“तत्त्व हाय का न्हाय काही?”

“तुझ्या डोक्यावर उगव ना तत्त्व!”

“माझी भरती हाय,” तो शांतपणे म्हणाला. इम्रान हसला, मग नाग्या हसला, मग विज्या दोन दिवस बाजेवर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, “म्हस देती का दूध?”

(आम्हा चौघांचा आता मोबाइलवर ग्रुप आहे. नाव ‘काळे बनियन’. विज्या एका पतसंस्थेत मॅनेजर आहे आणि रोज सकाळी सहा वाजता गुलाबाच्या फुलावर सुविचार पाठवतो. इम्रानची साखर वाढली आहे. तो जेवणाआधीचे आणि जेवणानंतरचे आकडे टाकतो. नाग्या गाभण म्हशीचे फोटो टाकतो. मेटलचा विषय गेल्या वर्षी एकदा निघाला होता, तो इम्रानच्या गुडघ्यात घातलेल्या धातूबद्दल होता. इतकी वर्षं आम्ही कशाला धरून एकत्र राहिलो, ते मला या ग्रुपवरून कळत नाही. पण तेव्हाच्या बाजेवरूनही कळत नव्हतंच.)

नवसाची बातमी पसरल्यावर वर्षभरानं ताईला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात नळदुर्गला आली. आईच्या हाताला विसावा म्हणून तेल लावायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं. दुपारी ती पाटावर बसायची, मी तिच्या पुढ्यात, आणि तिची बोटं माझ्या डोक्यातून फिरायची. मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. ताई, हे तुझ्यासाठी नव्हतं. तू पोटात मूल घेऊन ज्या डोक्याला तेल लावतेस ते डोकं दर गुरुवारी टायरांच्या ढिगामागं भलत्याच कारणासाठी हलतं. आणि रोज ती मागून म्हणायची, “मान सरळ धर रे,” आणि मी मान सरळ धरायचो.

मुलगी झाली. वाशीहून निरोप आला: सव्वा महिना झाला की सगळ्यांनी तुळजापूरला यायचं. बाळाला देवीच्या पायावर घालायचं आणि मामाचा नवस फेडायचा.

त्या संध्याकाळी बाजेवर सभा भरली. सभा म्हणायचं कारण विज्या उभा राहून बोलला. “आपल्या चौघांत एक निशाणी उरलीय. ती बी गेली तर आपण कोण? पंक्चरच्या दुकानावर बसलेली चार पोरं.”

“ती तर हावतच की,” नाग्या म्हणाला.

“तू गप. सुध्या, तुला एकदाच सांगतो. केस देऊन आलास, तर ह्या बाजेवर यायचं न्हाय.”

“बाज हमारी है,” इम्रान म्हणाला.

“तत्त्वाचं बोलतोय मी!”

इम्राननं माझ्याकडं पाहिलं, विज्याकडं पाहिलं आणि पाना उचलून आत गेला. त्याला भांडणं आवडत नसत. नाग्या जमिनीकडं पाहत बसला. माझी बाजू कुणी घेतली नाही. मी घरी आलो तेव्हा मला विज्याचा राग येत होता, आईचा येत होता आणि जगदाळेकाकूंच्या जळणाचाही येत होता. पण मनात खोल कुठंतरी पक्कं झालं होतं: तुळजापुरात न्हाव्यापुढं बसायच्या आधी ताईला खरं सांगायचं आणि केस घेऊन परत यायचं. बाजेवरची जागा गेली तर मी संध्याकाळी जाणार कुठं? अण्णांच्या पेपरामागं?

मंगळवार होता, तुळजापुरात पाय ठेवायला जागा नव्हती. दर्शन झालं. आराधी बायकांचा एक मेळा पायऱ्यांवर बसला होता आणि त्यांच्या बाजूला एक म्हातारा संबळ वाजवत होता. त्याचे हात इतके जलद चालत होते, की मी थांबलो. आमच्या सातही कॅसेटींतल्या ड्रमवाल्यांना त्यानं पायऱ्या उतरायच्या आत मागं टाकलं असतं. वर मध्येच एका हातानं तो नाक पुसत होता. विज्याला हे दाखवायला हवं होतं, असं वाटलं आणि लगेच आपण त्याच्यावर रागावलो आहोत हे आठवलं.

कल्लोळ तीर्थाजवळ न्हावी ओळीनं बसले होते. ताई बाळाला पदराखाली घेऊन सावलीला उभी होती. मी तिच्याजवळ सरकलो. “ताई, एक सांगायचंय.” तेवढ्यात तिची सासू पुढं आली. धिप्पाड, पण मायाळू बाई. कुणाचं वाईट व्हावं असं तिला कधी वाटलं नसेल.

“सुधाकरा, थांब जरा,” ती म्हणाली. “माझ्या मनात आलंय. नवस लेकरासाठी केला हुतास, खरं हाय. पर लेक झाली. लेकीवर नवस फेडायचा नसतो बाबा. राहू दे केस अजून. पुढच्या खेपंला लेक न्हाय, ल्योक हुईल, तवा दे. दोन-अडीच वरसं तर जायची.”

आईनं पदर डोक्यावर ओढला. दाजींनी घसा साफ केला आणि न्हाव्याच्या आरशात पाहिलं. मी कबूल करतो, पहिला क्षण मला आनंदच झाला. खरं बोलायची गरज उरली नव्हती, आईची लाज राहिली होती, केस राहिले होते, बाज राहिली होती, आणि हे सगळं वाशीच्या एका बाईनं स्वतःहून दिलं होतं. विज्यानं मागितला असता तरी याहून चांगला निकाल मिळाला नसता. मग मी ताईकडं पाहिलं. ती बाळाच्या टोपड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. गाठ नीट होती. तिनं ती तीनदा सोडली आणि तीनदा बांधली.

मला फार मोठं काही सुचलं, असं नाही. आता वय झाल्यावर त्या क्षणाला एखादा विचार चिकटवता येईल, पण खरं तर मला वैताग आला. दोन वर्षं हे डोकं प्रत्येकानं आपापल्या कामाला वापरलं होतं. विज्यानं तत्त्वाला, आईनं अब्रूला, गावानं कौतुकाला. आणि आता ते ज्या मुलीला अजून नावसुद्धा नव्हतं तिला कमी ठरवायला वापरायचं होतं. मी समोरच्या न्हाव्याच्या पोत्यावर जाऊन बसलो.

“काढा,” म्हणालो.

“समदे?” न्हाव्यानं विचारलं.

“समदे.”

“आरं, म्या काय म्हणते...” सासूबाई म्हणाल्या.

“मावशी, नवस मी बोललोय. लेकरू म्हणलो होतो. लेकरू झालंय.”

आयुष्यात मी इतक्या ठामपणे पुन्हा कधी खोटं बोललो नाही. वस्तरा कपाळापासून मागं निघाला आणि दोन वर्षांचं खोबरेल पोत्यावर पडलं.

दुपारी आम्ही एका लिंबाखाली आईनं आणलेले धपाटे आणि शेंगाची चटणी खाल्ली. मंडळी पाणी आणायला गेली तेव्हा ताईनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी म्हणालो, “ताई, तो नवस...”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “अण्णांचं कार्ड आलंतं तवाच.”

अण्णा तिला महिन्याला एक पोस्टकार्ड लिहीत. त्या कार्डावर खुशाली, पाऊस आणि जवारीचा भाव यांच्याखाली एक ओळ होती, ती तिला पाठ होती: ‘सुधाकरचे केस वाढले आहेत. संगीतामुळे, असे तो म्हणतो. आई नवस म्हणते.’

“मग बोलली का न्हाईस?”

“कशाला बोलू?” ती चटणी लावत म्हणाली. “त्याच्या आधी दर अमुशाला सासूबाई कुठं ना कुठं न्यायच्या मला. अंगारा खा, लिंबू पूर, उपाशी ऱ्हा. एका बाबानं तर मिरच्यांचा धूर दिला. तुझा नवस कळला तवापासून त्याच म्हणल्या, आता तुळजापूरचं चालू हाय, दुसऱ्या दारात जायाचं न्हाय, देवी कोपंल. दोन वरसं मला कुणी काय केलं न्हाय.” मग तिनं धपाट्याचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. “तेल तुला उगं लावत हुते व्हय?”

बाळानं माझं बोट धरलं होतं आणि सोडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानाकडं निघालो. वाटेत तीनदा परत फिरलो. टोपी घालायचं मनात आलं, पण टोपी घालून जाणं म्हणजे माफी मागत जाणं, असं वाटलं. तिघं बाजेवर होते. टेप चालू होता. दुसऱ्या दिवशी नाग्याला बघायला मुलीकडचे पाहुणे येणार होते, त्याबद्दल तो बोलत होता.

“काळा बनियन चालंल का?”

“पागल है क्या? सफेद शर्ट डाल,” इम्रान म्हणाला. “मेरा लेके जा.”

“तुझा ढिला हुतोय मला.”

“तो खाना खा के जा.”

मी उभाच होतो. विज्या ताठ बसून होता, नजर हायवेकडं. एक टँकर गेला, मग दुसरा. कॅसेटची ती बाजू संपली आणि टेप खट्कन बंद पडला. मग विज्या बाजेवर एक वीत सरकला. मी बसलो. त्यानं बराच वेळ माझ्या डोक्याकडं पाहिलं, वरून, मग बाजूनं, आणि तत्त्वाचं बोलताना काढायचा त्याच गंभीर आवाजात म्हणाला,

“लई बारीक हाय रे डोकं तुझं. केसांत कळत नव्हतं.”

ते खरं आहे. मला आजही हेल्मेट लहान मुलांच्या मापाचं लागतं.